प्रॉडक्ट मॅनेजरला 'सॉफ्ट स्किल्स' लागतात म्हणजे नेमकं काय लागतं? की नुसतं फाडफाड इंग्रजी?

हडपसरकर

नमस्कार मंडळी. सात वर्षं कोड लिहिला आणि गेल्या दिवाळीपासून प्रॉडक्ट मॅनेजर झालोय. आमचं सॉफ्टवेअर भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांसाठी आहे : हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, पीएफचं चलन. काय बनवायचं, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणं माझ्याकडे.

परवा अप्रेझल झालं. तांत्रिक बाजूला पैकीच्या पैकी, आणि खाली एक ओळ : 'सॉफ्ट स्किल्सवर काम करणे आवश्यक.' म्हणजे काय, असं साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, माणसं सांभाळायला शीक." माझ्या हाताखाली एकही माणूस नाही! डेव्हलपर त्यांच्या मॅनेजरचे, डिझायनर डिझाइनवाल्यांची, विक्रीवाले तर थेट वरच्या मजल्याचे. कोणाला सांभाळू?

खरं सांगायचं तर मला धाकधूक वेगळीच आहे. मी बार्शीचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बंगळुरूच्या विक्रीवाल्यांबरोबर कॉल असला की माझं वाक्य तोंडात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून शनिवार-रविवारच्या एका क्लासला २८ हजार भरले. पहिल्या दिवशी हस्तांदोलन किती सेकंद करावं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभं केलं.

हे पैसे पाण्यात गेले का? इथे कोणी या कामात मुरलेलं असेल तर सांगा, 'सॉफ्ट स्किल्स' हे खरंच काही असतं, की ज्याला बढती द्यायची नाही त्याच्या कागदावर लिहायचा शब्द आहे?

बगशोधक

दुसरा पर्याय बरोबर आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

गंमत सोडा. मी टेस्टिंगवाला, चार प्रॉडक्ट मॅनेजर पचवलेत. त्यातल्या तिघांची सॉफ्ट स्किल्स उत्तम होती. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला येऊन इतक्या गोड आवाजात शनिवारचं काम गळ्यात घालायचे की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटावं. 'टीम', 'फॅमिली', वर समोसे. समोशांचा मला मनापासून तिटकारा आलाय.

चौथी मात्र वेगळी होती. ८ मार्च २०२१ आठवतोय का? कंपन्यांच्या एसएमएसचे मजकूर आधी नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून बघायचे आणि जुळला नाही तर संदेश अडवायचा, हा नियम त्या दिवशी लागू झाला आणि देशभर ओटीपी अडकले. दुसऱ्या दिवशी ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ती छाननी सात दिवस थांबवली. आम्ही तेव्हा औषधं घरपोच द्यायचो. लॉगिन ओटीपीवर, पार्सल हातात द्यायचं तेही ओटीपीवर. सकाळी अकराला फोनचा नुसता भडिमार.

बाई पायऱ्या उतरून सपोर्टच्या खोलीत आल्या, एक हेडसेट स्वतः डोक्याला लावला आणि आठ-दहा फोन घेतले. मग म्हणाल्या, "दोष आपला नाही, हे कोणालाही सांगायचं नाही. त्यांना इन्सुलिन हवंय, दोष नकोय." डिलिव्हरीच्या पोरांना बिलाचे शेवटचे चार आकडे विचारून पार्सल द्यायची परवानगी दिली, आणि ती परवानगी आपण दिली असं स्वतःच्या नावानं लेखी टाकलं. उद्या काही गडबड निघाली तर पोरांच्या अंगावर नको म्हणून. समोसे आणले नाहीत. त्या दिवशी मी रात्री दहापर्यंत थांबलो आणि मला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

बाईंचं इंग्रजी? बेताचंच.

धारोष्ण

हडपसरकर, तुमचा प्रश्न वाचून २०१९ ची मी आठवले. जरा लांबण लागेल.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे बिनखात्याचा मंत्री. जबाबदारी सगळी, हुकूम एकावरही चालत नाही. तुमच्या साहेबांनी 'माणसं सांभाळ' म्हटलं ते अर्धंच खरं आहे. माणसं तुम्हाला खरं सांगत नाहीत, आणि ती का सांगत नाहीत हे तुम्हाला कळत नाही, ही आपल्या कामातली मुख्य अडचण. बाकी आरसाबिरसा राहू द्या.

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांसाठी होतं. ज्यांना गावाकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन डेरीला दूध घालायला येतात. सचिव माप घेतो, बाटलीत सॅम्पल घेतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर, त्याच्या खाली पॉइंट गेला की पैसे कापले जातात. बिल दर दहा दिवसांनी. पूर्वी सगळं वहीत, मग संगणकात आणि आता फोनवर.

आम्ही त्यात एक सोय घातली : दूध घातलं की लगेच एसएमएस. लिटर, फॅट, दर, रक्कम. कागदाची पावती हरवायला नको, सचिवाला मागून आकडा बदलता यायला नको. पारदर्शकता! आमच्या संस्थापकांनी एका बँकेपुढे त्यावर अर्धा तास भाषण केलं होतं. कल्पना माझीच, त्यामुळे मीही हवेत.

तीन आठवड्यांत चाळीसपैकी अकरा संस्थांनी एसएमएस बंद करून टाकला. विक्रीवाल्याने फोन केले, सगळीकडून एकच उत्तर : "नेटवर्क नाही." आमच्या अहवालातही तेच चढलं. पण त्याच फोनवरून त्यातल्या बऱ्याच संस्था दूध संघाला रोजचे आकडे बिनबोभाट पाठवत होत्या. म्हणजे हे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावी जाऊन राहिले. पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात वही. सचिवांना पंधरा प्रश्न विचारले. त्यांनी पंधरा सभ्य उत्तरं दिली. "लाईट जाते." "रेंज जाते." "पोरगं फोन घेऊन जातं." उत्तरांचं पान भरलं आणि हाती काहीच आलं नाही. आता मागे बघताना कळतं, मी विचारत नव्हते, मी तपासत होते. सरकारी माणूस दफ्तर तपासतो तसं.

संध्याकाळी कंटाळून वही पिशवीत टाकली. केंद्रावर गर्दी होती आणि सचिवांचा मदतनीस आला नव्हता, म्हणून मी सॅम्पलच्या बाटल्या हातात द्यायला लागले. बाटली खळखळून धुवायची, फेस खाली बसू द्यायचा, मग मशीनला. तासाभरात ओढणीला दुधाचा वास आणि रांगेतल्या बायकांना मी दिसेनाशी झाले. म्हणजे होते, पण पाहुणी म्हणून नाही.

एक बाई, पन्नाशीच्या असतील, रिकामी किटली हातात घेऊन माझ्याजवळ थांबल्या. "तुमीच का त्या मेसेजवाल्या?"

मी आनंदाने हो म्हटलं. वाटलं, आता कौतुक होणार.

"मग माझा तेवढा बंद ऱ्हाऊ द्या."

आणि गेल्या. माझ्या ओठांवर आलं होतं, 'अहो मावशी, तो तुमच्या फायद्याचाच आहे.' ते मी गिळलं. आजवरच्या नोकरीत माझ्याकडून जे काही शहाणपण घडलं असेल, त्यात हे न बोललेलं वाक्य मी वरच्या नंबरला ठेवते.

केंद्राचं शटर ओढताना सचिव आपणहून बोलले. त्यांनी तीन वाक्यांत जे सांगितलं ते असं. त्या घरात दोन कोड (डेरीतले खातेनंबर) आहेत, एक मालकाच्या नावावर, एक बाईंच्या. दुभती म्हैस बाई बघतात, त्यातलं लिटर-दीड लिटर दूध त्या स्वतःच्या कोडवर घालतात आणि त्या पैशाचं काय करतात ते त्या आणि त्यांची भिशी जाणे. पण आम्ही नोंदणी करताना मोबाइल नंबर घरटी एकच घेतला होता, आणि तो मालकाच्या खिशात. एसएमएस सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मालकाने विचारलं, "हा ११७ नंबर कुणाचा?" पुढे त्या घरात काय झालं ते सचिवांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"मॅडम, पावती पुरे होती," एवढंच म्हणाले.

आता माझी चूक ऐका, कारण सॉफ्ट स्किल्स नसली की काय होतं हे त्यातच आहे. परतीच्या वाटेवर, मिरज स्टँडवर बसून, मी चौदा जणांना मेल टाकला. विषय : 'एसएमएसचा प्रयोग फसला.' खाली सगळी हकीकत, रंगवून. मला वाटलं, केवढा शोध लावला! ज्या मुलाने चार रात्री जागून ते एसएमएसचं काम उभं केलं होतं, त्याने तो मेल सकाळी बसमध्ये वाचला. 'फसला' हा शब्द त्याच्या साहेबांनीही वाचला. मुलगा माझ्याशी दोन आठवडे कामापुरतंसुद्धा बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. त्याचं काम चोख चालत होतं. फसला होता माझा अंदाज.

माफी मागायला मी आधी त्याला चॅटवर 'सॉरी' टाकलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. मग एकदा कॅन्टीनमध्ये समोर बसून म्हटलं, "कल्पना माझी होती, नंबर घरटी एक घ्यायचा हे मी ठरवलं होतं, आणि मेलमध्ये ते लिहायचं मी टाळलं." तो म्हणाला, "तेवढी शेवटची ओळ त्याच चौदा जणांना पाठवा." पाठवली. बोटं जड झाली होती. त्यानंतर त्याने कोडनिहाय नंबराचं काम तीन दिवसांत केलं.

संस्थापकांचं मात्र मी नीट केलं, ठेच लागली होती म्हणून. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर नाही, त्याआधी त्यांच्या केबिनमध्ये गेले. आलेख नेला नाही, त्या केंद्रावरची छापील पावती टेबलावर ठेवली आणि गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "असं किती घरांत असेल?" मी म्हटलं, "माहीत नाही. अकरातल्या एकाच गावी गेलेय. फोनवर विचारलं तर नेटवर्कच सांगतील." ते बराच वेळ पावतीकडे बघत बसले. बँकेपुढे केलेलं भाषण त्यांना आठवत असणार. बैठकीत त्यांनी स्वतःच सांगितलं की सोय बदलतोय. सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर ते भांडले असते, मीही त्यांच्या जागी भांडले असते.

पुढे उरलेल्या दहा गावी माणसं पाठवली, जिथे जमलं तिथे बाई. आणि गंमत म्हणजे चार ठिकाणी खरंच नेटवर्क नव्हतं! बाकीच्यांत कुठे हेच कारण, कुठे पशुखाद्याच्या उचलीची कपात घरच्यांना दिसायला नको, अशी आणखी कारणं. म्हणजे माझा शोधही पूर्ण खरा नव्हताच. नोंदणीत आता प्रत्येक कोडला वेगळं विचारतात, मेसेज कोणाला? पहिला पर्याय सचिवांच्याच शब्दांत आहे : 'फक्त पावती'.

तर हडपसरकर, यात इंग्रजी कुठे आलं ते तुम्हीच शोधा.

जर्सीवाला

धारोष्ण, सुरेख. पण इंग्रजीबद्दल थोडा विरोध नोंदवतो, नाहीतर मुलगा गाफील राहील.

मी इकडे न्यू जर्सीत हेच काम करतो. इंग्रजी लागतं हो. फाडफाड नाही लागत, पण वेळेवर लागतं. माझीही बोंब हडपसरकरांसारखीच होती. मला तारलं लिहिण्याने. कॉलच्या आदल्या दिवशी एक पान लिहून सगळ्यांना पाठवायचं : अडचण काय, दोन वाटा कोणत्या, मला कोणती बरी वाटते आणि का. मग कॉलवर सगळे माझ्या पानावर बोलतात आणि मला फक्त हो-नाही म्हणावं लागतं. बेझोसने २००४ साली ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. सहा पानांपर्यंतचं टिपण, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून ते वाचतात. बोलघेवड्यांचा तोटा आणि आपल्यासारख्यांचा फायदा.

आणि हे आपलं पद जन्मलंही कागदावरच. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा. घरच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत त्याचा कॅमे झाकोळला होता. १३ मे १९३१ ला त्याने एक टिपण लिहिलं, खरं तर दोन माणसं जास्त हवीत म्हणून. एकेका ब्रँडला एक जबाबदार माणूस असावा, हे त्यात मांडलं. त्या माणसाने काय करावं? माल कुठे किती जातो ते बघावं, जिथे खप कमी तिथे स्वतः जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांशी बोलावं, विक्रीवाल्यांबरोबर बसून उपाय ठरवावा. म्हणजे धारोष्णनी जे सांगलीत केलं तेच. मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा संरक्षणमंत्री झाला, १९५७ साली. साबणापासून क्षेपणास्त्रांपर्यंत.

धारोष्ण

जर्सीवाला, आयडी गायीवरून की राज्यावरून? :)

लिखाणाचं शंभर टक्के मान्य. फक्त वाईट बातमी लिहून पाठवू नये, हे मिरज स्टँडवरून सांगते. ती आधी तोंडी, मग लेखी.

बगशोधक

आणि ज्याचं काम मोडणार त्याला सगळ्यांच्या आधी. धारोष्ण, तुमच्या त्या डेव्हलपरच्या बाजूने मी सात वर्षांनी टाळ्या वाजवतोय.

हडपसरकर

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय, मुद्दामच, काहीतरी करून मग लिहू म्हटलं.

क्लास सोडला. पैसे परत मिळणार नाहीत, हस्तांदोलन तेवढं सुधारलंय.

आमच्या रोजच्या कॉलवर टेस्टिंगची एक मुलगी आहे, आठ महिन्यांत तिने 'माझ्याकडून काही नाही' याखेरीज वाक्य उच्चारलेलं नाही. धारोष्णताई, तुमच्या बाटल्यांवरून सुचलं. तिला काही विचारलं नाही. 'या आठवड्यात तुझ्याबरोबर टेस्टिंगला बसतो' एवढंच म्हटलं आणि दोन दुपारी नुसतं पगाराचे नमुने एकेक करून चालवले : रजा, हाफ डे, रात्रपाळी. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "रिलीज शुक्रवारीच का असतं?"

मी म्हटलं, पहिल्यापासून तसंच आहे.

"सात तारखेच्या आत पगार द्यावा लागतो ना कारखान्यांना. सात तारीख रविवार-सोमवारला आली की लोक शनिवारी पगार काढतात. शुक्रवारी रात्री आपण नवीन व्हर्जन टाकतो आणि शनिवारी ऑफिसात मी एकटीच असते."

कारखान्याला सात तारखेच्या आत पगार करावा लागतो, हे मला पाठ आहे. ते नियम मीच कोडमध्ये घातलेत! पण त्याचा आणि आमच्या शुक्रवारचा काही संबंध असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. मागच्या वर्षभरातल्या तक्रारी काढून बघितल्या. पगाराच्या सर्वांत वाईट तीन दिवसांपैकी दोन शनिवार. तिसऱ्याचं कारण वेगळं होतं (पीएफच्या चलनाचा घोळ, पंधरा तारखेचा).

हे आठ महिने का बोलली नाहीस, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

डेव्हलपरांशी बोललो, आता रिलीज मंगळवारी, आणि महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत रिलीज नाही. कारण लिहिताना मेलमध्ये तिचं नाव घातलं, आधी तिला विचारून. ती म्हणाली, चालेल, पण आडनाव नको, नुसतं नाव टाका. का ते विचारलं नाही.

एक राहिलंय. बंगळुरूच्या विक्रीवाल्यांनी एका गिऱ्हाइकाला येत्या पाच तारखेला नवीन रिपोर्ट द्यायचा शब्द दिलाय. ते मोडणार. एक पान लिहून तयार ठेवलंय, जर्सीवाले काका म्हणाले तसं. आज रात्री पाठवू?

धारोष्ण

पान राहू दे तसंच. आधी फोन करा. आणि ज्याने शब्द दिलाय त्यालाच, त्याच्या साहेबांना नाही.

हडपसरकर

तो मल्याळी आहे. इंग्रजीतच बोलावं लागेल.

जर्सीवाला

त्याचंही दहावीपर्यंत मल्याळम माध्यम असेल, विचारून बघा.

हडपसरकर

फोन झाला. तेवीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं तो तापलेलाच होता, मी मध्ये बोललो नाही (बोलताही आलं नसतं). मग तोच म्हणाला, गिऱ्हाइकाला रिपोर्ट पाच तारखेला नकोच आहे, त्यांचं ऑडिट वीस तारखेला आहे. पाच ही तारीख यानेच घाबरून दिली होती, आम्ही नेहमी उशीर करतो म्हणून.

अठरा ठरली.